खिडकी कापलेलं पोस्टकार्ड

आत्ये,

बाराव्याचं जेवण काल उरकलं. पत्रावळी गेल्या, पाव्हणे गेले, ओटीवरचा बाक मोकळा झाला आणि मी त्यावर कागद घेऊन बसलोय. तुझ्याबद्दल चार शब्द लिही म्हणून सगळे माझ्या मागे लागलेत, कारण घराण्यात लिहिण्याची खोड मलाच. जन्म कुठला, ट्रेनिंग कुठे झालं, किती शाळा, किती वर्षं, हे काकाने फुलस्केपवर सुवाच्य अक्षरात उतरवून दिलंय. मी तो कागद घडी घालून खिशात टाकला. तो वाचून तू ओळखूच येत नाहीस. त्यात तू ‘शांत, सोशिक व मितभाषी शिक्षिका’ आहेस. मितभाषी! माझ्याशी भांडून घसा बसला की मिठाच्या पाण्याने गुळण्या करून पुन्हा भांडायला येणारी बाई मितभाषी.

मला तुझा राग आलाय, हे आधीच सांगून ठेवतो. भांडण अर्ध्यावर टाकून तू गेलीस. सव्वा वर्ष आपण बोललो नव्हतो. मी कुडाळला, तू इथे, मधे एसटीची धुळीची वाट, आणि मी येत नव्हतो कारण पहिलं वाक्य जुळत नव्हतं. पत्रकाचं पहिलं वाक्य मी उभ्या उभ्या लिहून देतो. तुझ्यासाठीचं एक वाक्य मला सव्वा वर्षात जमलं नाही. गेल्या महिन्यात जरा जमत आलं होतं, तर तू तेवढीही थांबली नाहीस.

आता ऐक. मधे बोलू नकोस. ते तुला कधी जमलं नाही, आता तरी जमव.

ज्यांना आपलं भांडण ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ते एका मुलीवरून होतं. इथल्या तांडेलाची मुलगी. बाप होडी चालवणारा, दर्यावरचा माणूस. तिचं नाव मी लिहीत नाही. का, ते तुला माहीत आहे. इतरांना पुढे कळेल.

मुलगी तेव्हा दहा वर्षांची, तुझ्या शाळेत तिसरीत. काल शिकवलेलं अक्षर आज तिच्या ओळखीचं नसायचं. आज ओळखलं तर उद्या पुन्हा परकं. ओळीवर बोट ठेवायची आणि बोट खालच्या ओळीत घसरायचं. पाटीवर लिहायला सांगितलं की अर्धी अक्षरं पूर्वेला तोंड करून, अर्धी पश्चिमेला. हेडमास्तरांनी तिचा निकाल पहिल्याच वर्षी लावला होता. ‘दगड.’ मग दगडाने करायचं काय? शाळेच्या विहिरीवरून पाणी आणायचं, फळा पुसायचा, मास्तरांची छत्री वाळत घालायची. माझं डोकं अजून तापतं. बापाने मुलीला शाळेत पाठवलं आणि शाळेने तिच्या हातात घागर दिली.

आणि हीच मुलगी वाळूत उभी राहून लांबचं शीड बघून सांगायची, “ती आमची न्हय, ती तळाशील गावची. जाळां रिकामां आसा. होडी बघा कशी हलकी चलता.” होडी किनाऱ्याला लागायची तेव्हा तिचं बोलणं खरं ठरायचं. मैलावरचं शीड वाचणारी मुलगी हातभरावरचं पुस्तक वाचू शकत नव्हती, आणि ह्यात चक्रावून जाण्यासारखं काही आहे असं अख्ख्या शाळेत फक्त तुला वाटत होतं.

तू तिला शाळा सुटल्यावर ह्याच ओटीवर बसवायचीस. फळीवर बारीक चुका मारून, त्यांच्यामधून सुंभ फिरवून तू अक्षरं काढली होतीस, वीत वीत उंचीची. “डोळे मिट. बोटान चल.” ती डोळे मिटून काथ्याच्या त्या खरखरीत दोरीवरून बोट फिरवायची आणि तोंडाने अक्षर म्हणायची. मग पुळणीवर जाऊन ओल्या वाळूत अख्ख्या हाताने तेच. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा हसलो होतो.

“आत्ये, ह्यां वाचन की भानामती?”

“तुका वाचूक सोप्यान इलां, बाबल्या,” तू म्हणालीस. “म्हणान तुका कळणा नाय.”

लागलं ते मला. पाच वर्षांचा असताना वाण्याच्या पुड्यांचे कागद उलगडून मी वाचायचो. मला कुणी शिकवलं ते आठवत नाही. तूच शिकवलं असणार, घरात दुसरं होतं कोण? आणि मी ते तुला कधी विचारलंदेखील नाही.

मग दिपोटी आले. शाळा तपासणारे साहेब वर्षातून एकदा यायचे, तर चार दिवस आधीपासून शाळेपुढे शेणसडे पडायचे. मी नेमका त्याच दिवशी साक्षरता मोहिमेच्या चित्रांचं भेंडोळं घेऊन आलो होतो. तू मला मागच्या खिडकीशी उभं केलंस, वर “तोंड उघडू नको” म्हणून ताकीद दिलीस. साहेबांनी बोट केलं ते तिच्याकडेच. ती उठली, पुस्तक धरलं आणि राजाच्या हत्तीचा धडा सुरू केला. एक अडखळ नाही. स्वल्पविरामाला थांबते, प्रश्नाला आवाज चढवते. हेडमास्तर चाट. मीही चाट. तेवढ्यात दर्यावरचं वारं खिडकीतून आत घुसलं आणि पुस्तकाची चार-पाच पानं फडफडत उलटली. समोर चित्र उसाच्या शेताचं, आणि मुलगी आपली राजाच्या हत्तीला आंघोळ घालतेय.

साहेब जरा वेळ ऐकत राहिले. माणूस दुष्ट नव्हता. गमत्या होता, आणि त्या दिवशी तेच वाईट होतं. “बाई,” ते म्हणाले, “पान उलटलं, मुलगी काही उलटली नाही!” वर्ग खिदळला. मुलगी उभीच. काय झालं ते तिला कळेना. मग तिने खाली पुस्तकात बघितलं, उसाचं शेत दिसलं, आणि ती बसली. कुणी बस म्हटलं नव्हतं. शेऱ्याच्या वहीत साहेबांनी लिहिलं की पाठांतर करून घेऊन वाचनाचा देखावा केला गेला.

वाटेत मी तुला धरलं.

“आत्ये, तू साहेबाक फसवलंस.”

“मी खंय फसवलंय? तिना दोनदा आयकल्यान नि पान पाठ केल्यान. तुझ्या दिपोटीक जमतला?”

“पण तां वाचन न्हय!”

“न्हय तर न्हय. एक दिवस तरी तिना वर्गात ताठ उभ्यान पुस्तक धरल्यान मा? इतकी वर्सां घागर धरल्यान.”

“नि आता सगळे हसले, तां?”

तू गप्प झालीस. तुला गप्प केल्याचा मला आनंद झाला होता. असा गाढव होतो मी.

तांडेलाने सांगून टाकलं, पोर हसण्यावारी गेली, आता पुरे. आवशीबरोबर, म्हणजे आईबरोबर, सोडणं कुटील. नारळाची सोडणं खाडीच्या चिखलात कुजवायची आणि लाकडी दांडक्याने कुटून काथ्या काढायचा, हे इथल्या बायांचं काम. तू पुळणीवर गेलीस, तो जाळं सांधत बसला होता तिथे त्याच्यापुढे वाळूतच बसलीस आणि एक वर्ष मागून घेतलंस. एका वर्षात मुलीने एक अख्खं पान वाचून दाखवायचं, न बघितलेलं, न ऐकलेलं. दाखवलं तर शाळा. नाहीतर सोडणं.

“एक वरीस, बाई. तुमी म्हणतास म्हणान,” तो म्हणाला.

इथवर तुझं सगळं बरोबर होतं. इथून पुढे मी आलो.

मी पत्रकांवर वाढलेला माणूस. अठराव्या वर्षी मुंबईत गिरणीच्या फाटकाशी पत्रकं वाटली, विसाव्या वर्षी लिहायला लागलो. तुला दर आठवड्याला कार्ड टाकायचो, त्यालासुद्धा मथळा असायचा. मला शिकवणाऱ्यांनी शिकवलं ते असं की मथळ्याने चालता माणूस थांबला पाहिजे, आणि नाव, गाव, पुरावा नसेल तर पत्रक म्हणजे भेळेचा कागद. ‘एका कामगारावर अन्याय झाला’ असं छापलं तर मालक हसतो. कामगाराचं नाव छापलं की मालकाचं हसू जातं. हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

मालवणच्या वाचनालयात एका इंग्रजी मासिकात मला तो शब्द सापडला. डोळे धड, डोकं धड, तरी अक्षर लागत नाही, अशी मुलं विलायतेतही असतात आणि तिथले डॉक्टर त्याला नाव देतात. मी मराठी केलं, ‘शब्दांध’. सायकल मारत तुझ्याकडे आलो.

“आत्ये, ह्याका नाव आसा! चेडू दगड न्हय. शब्दांध आसा!”

तू सुंभ वळत होतीस. हात थांबला नाही. “आंधळां म्हणतलंस तिका?”

“आंधळां न्हय गो. शब्दांध.”

“गाव अर्धो शब्द सोडतलो नि अर्धो धरतलो. खयचो धरतलो, सांग.”

“नावाशिवाय सरकार हालणा नाय!”

“नि एकदा नाव पडलां काय तां सुटणा नाय. तुझां काय? तू पत्रक वाटतलंस नि कुडाळाक जातलंस. तिका हंय रवाचा आसा.”

“तू एकटी किती पोरांका शिकवतलंस? तुझ्याच शाळेत अशी चार-पाच आसत. तालुक्यात किती असतली?”

“येतली तितक्यांका.”

“नि तू मेल्यार?”

हे मी म्हणालो होतो. तू खळखळून हसलीस. “मेल्यार तू आसस मा, पत्रक काढूक!”

मी तुझी वाट बघितली नाही. मालवणच्या छापखान्यात दोन्ही बाजूंनी छापून आणलं. मथळा होता ‘दगड कोण? मूल की शाळा?’ मथळा चांगला होता, आत्ये, आजही म्हणतो. खाली नाव, गाव, पुरावा. तांडेलाचं नाव, त्याच्या मुलीचं नाव, वय अकरा, तीनदा नापास. ती मठ्ठ नाही, ती शब्दांध आहे. तिच्या हातात घागर देणाऱ्यांनी उत्तर द्यावे! मागच्या बाजूला शिक्षण खात्याकडे सात मागण्या.

आचऱ्याचा बाजार होता. ती आवशीबरोबर सुकी मासळी घेऊन बसली होती. मला बघून धावत आली.

“दादा, मी वाटू?”

“वाट,” मी म्हणालो, आणि अर्धा गठ्ठा तिच्या हातात दिला.

हे वाक्य मी चार वेळा लिहून खोडलंय. मी, साक्षरता मोहिमेचा कार्यकर्ता! जिला वाचता येत नाही म्हणून पत्रक काढलं, तिच्या हातात तिच्याच नावाचं पत्रक वाटायला दिलं. आणि मला काही खटकलंच नाही. कागद हातात आला की माणसाने तो वाचलाच, असं मी धरूनच चालतो.

काय तोऱ्यात वाटत होती! “घेवा काका. वाचा. आमच्या दादान छापल्यान.” लोक घ्यायचे, वाचायचे, मग तिच्याकडे बघायचे. तिला वाटलं, आपण मोठं काम करतोय म्हणून बघतात. ती हसायची आणि पुढच्याला द्यायची. मासळीबाजार झाला, भांड्यांच्या ओळी झाल्या, आणि ती चहाच्या दुकानाच्या पायरीवर आली. आत एक जण मोठ्याने वाचून दाखवत होता. तिचं नाव आलं. बापाचं नाव आलं. नापास आलं. मग तो शब्द आला, आणि आतून कुणीतरी विचारलं, “आंधळां? तांडेलाचां चेडू आंधळां आसा?”

तू म्हणाली होतीस तसं गावाने अर्धा शब्द धरला. गावाला एक दुपारही लागली नाही.

एकदा-दोनदा ऐकलेलं तिला पाठ होतं हे तुला आणि मलाच ठाऊक होतं. ते वाक्य तिला त्या पायरीवर पाठ झालं. उरलेली पत्रकं तिने टाकली नाहीत, मला परत आणून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तांडेल ह्या ओटीवर आला. नारळी पुनवेला सगळ्या होड्यांच्या वतीने तो देवाकडे गाऱ्हाणं घालतो तेव्हा त्याचा आवाज वाडीच्या ह्या टोकाला ऐकू येतो. त्या सकाळी तो हळू बोलला.

“बाई, माझ्या चेडवाक आंधळां म्हणान छापल्यानी?”

मी मधे तोंड घातलं. “काका, आंधळां न्हय, शब्दांध. डॉक्टरी शब्द आसा तो...”

“तुझो शब्द तुकाच ऱ्हवांदे.” माझ्याकडे त्याने बघितलंही नाही. “बाई, वर्साची बोली होती. पण आता नको. चेडू घराकडना भायर पडूक तयार नाय.”

तो गेला. मी तुझ्याकडे वळलो. आता तू मला सोलून काढणार, मग मी उत्तर देणार, अशी माझी तयारी होती. तू एवढंच विचारलंस, “उरलेली पत्रकां किती?”

“आसतली साठ-सत्तर.”

“ती हंय ठेव.”

न्हाणीच्या चुलीत घालणार, दुसरं काय! मी भडकलो. “जाळ, सगळी जाळ! नि बस सुंभ वळत!” म्हणालो आणि पहिल्या एसटीने कुडाळ गाठलं. पत्रक चुकलं नव्हतं, गाव चुकलं होतं, हे मी स्वतःला सव्वा वर्ष ऐकवत राहिलो. तू बोलवलं नाहीस. मी आलो नाही.

काल जेवणावळ उठल्यावर ती आली. आता तेराची होईल. उंच झालीय, हातांना घट्टे पडलेत. नमस्कार नाही, हवापाणी नाही. “दादा, बस,” म्हणाली आणि स्वतः पायरीवर बसली. परकराच्या ओच्यातून एक कागद काढला, घड्यांवर मऊ पडलेला. माझं पत्रक. त्यावर तिने एक जुनं पोस्टकार्ड ठेवलं. कार्डाच्या मधोमध बोटभर रुंद खिडकी कापलेली, एका वेळी एकच शब्द दिसेल एवढी. कार्ड सरकवत ती वाचू लागली.

कार्ड माझं होतं. मुंबईहून टाकलेलं. खिडकीच्या अलीकडे माझं अक्षर, ‘आत्ये, लढल्याशिवाय’, मग भोक, आणि पलीकडे ‘मिळत नाही’. एवढी कार्डं लिहिली मी तुला, आणि तू त्यांना कात्री लावलीस!

ती वाचत होती आणि मी काय करत होतो, विचार. मी वाऱ्याची वाट बघत होतो. पाठ असणार, मी मनात म्हणत होतो. चहाच्या दुकानात ऐकलंय, पाठ केलंय. त्या दिपोटीला मी आजवर शिव्या घातल्या आणि काल पायरीवर मीच दिपोटी झालो. म्हणालो, “मागची बाजू वाच.” मागच्या सात मागण्या त्या बाजारात कुणीही मोठ्याने वाचल्या नव्हत्या. मनातसुद्धा कुणी वाचल्या असतील असं मला वाटत नाही.

तिने कागद उलटला. खिडकी ठेवली. पहिली मागणी. दुसरी. तिसरीत एका लांबलचक शब्दावर ती अडकली. डोळे मिटले, बोटाने पायरीच्या मातीवर एक अक्षर काढलं, मग दुसरं, ओठ हलले, डोळे उघडले आणि शब्द म्हटला. घाम आला होता तिला. पायरीवरचं ऊन तुळशीपर्यंत सरकलं तेव्हा सातवी मागणी संपली. जे वाचायला मला दोन मिनिटं लागतात. आणि असले शब्द वापरायचे कशाला पत्रकात, असंही मला त्या वेळी पहिल्यांदा वाटलं.

“तुका ह्यां कोणी शिकवल्यान?”

“कोण शिकवतलो? बाई.”

मग तिने सांगितलं. तू दुपारची छत्री घेऊन खाडीवर जायचीस. तिच्या आवशीला सांगायचीस, पाय दुखतत गो, बसतंय जरा. आणि सोडणांच्या ढिगाला टेकून बसायचीस. आई दांडका चालवायची, मुलगी दांडका चालवायची, आणि मधेच अर्धा तास तिचा दांडका बंद. पावसातसुद्धा. सव्वा वर्ष.

“पण ह्यांच पत्रक कित्याक?” मी विचारलं.

“बाई म्हणाली, दुसऱ्यान वाचल्यान नि तू रडलंस. आता तू वाच. मगे होया तर रड.”

“मगे? रडलंस?”

“वाचता वाचता दम लागलो. रडूक वेळ खंय!”

आणि वर मला बोट दाखवून, “नि ह्यां खोटां छापलंस. मी तीनदा नापास नाय, दोनदा. एका वर्सा माका गोवर इलो हुतो, परीक्षेक बसूकच नाय.”

नाव, गाव, पुरावा. पुरावासुद्धा चुकीचा.

आता सांग, आत्ये, तू हे मला का कळवलं नाहीस? एक कार्ड टाकायचं होतंस. ‘पत्रकं जाळली नाहीत’ एवढंच. तुझ्याकडे कार्डं कापायला होती, लिहायला नव्हतं? मी तिकडे रोज तुझ्याशी मनात भांडत होतो आणि तू इकडे माझीच पत्रकं घेऊन चिखलात बसत होतीस. तुला वाटलं असेल, हा आपण होऊन येईल. मला वाटलं, तू बोलावशील. एका रक्ताची माणसं, दुसरं काय!

आणि माझं म्हणणं मी अजून सोडलेलं नाही. एका मुलीला सव्वा वर्ष. बाकीची चार? तालुक्यातली? ती आजही कुठेतरी पाणी भरतायत. तुझ्या मागे एक ओळ लिहिलेली नाही. ती फळी, ती सुंभाची अक्षरं, कार्डाची खिडकी, कुठल्या मुलाला आधी काय द्यायचं, सगळं तुझ्या डोक्यात होतं आणि ते तुझ्याबरोबर चितेवर गेलं. लिही म्हणून किती मागे लागलो! “लिवन काय? येवन बसा आणि बघा,” हे तुझं उत्तर. आता कुठे येऊन बसायचं? हे ओरडून सांगायला हवं, छापायला हवं, खात्याच्या टेबलावर आपटायला हवं. नाव कुणाचं छापायचं, हे मात्र मी चुकलो. ते तुला सांगायचं होतं. सव्वा वर्षात जे वाक्य जमलं नाही ते हेच होतं, तीन शब्दांचं. काल ते मी तिला म्हणालो.

“चुकलंय गो मी.”

तिने मान हलवली, म्हणजे माहीत आहे. पत्रकाची घडी घातली. उठली, आणि पुन्हा बसली.

“दादा, मी सगळां वाचलंय. दोनी बाजू. बाईंचां नाव खंयच नाय.”

मी पत्रक घ्यायला हात पुढे केला. तिने ते दिलं नाही.

“माझां आसा. बापाशीचां आसा. हेडमास्तर आसा, दिपोटी आसा, विलायत आसा. बाईंचां कित्याक नाय?”

तू पत्रकाला नको म्हणालीस म्हणून रागाने गाळलं, हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं असं की ते मला सुचलंच नाही. पुरावा पुरावा करत मी मालवणच्या वाचनालयापर्यंत सायकल मारली. पुरावा ह्या ओटीवर सुंभ वळत बसला होता.

“आता लिवतलंस तेच्यात माझां काढ,” ती म्हणाली, “नि बाईंचां घाल.”

काढलं. आणि तिथेच, तिच्यासमोर, तुझं घालायला गेलो तर पेन थांबलं. मी तुला जन्मभर आत्ये म्हटलं, पोरं बाई म्हणाली, घरातले मोठे अक्का. तुझं नाव घेणारं माणूस आता उरलेलंच नाही. कधीतरी लहानपणी ऐकलं होतं, पण खात्री वाटेना. शेवटी खिशातला काकाचा तो फुलस्केप उघडला, ज्याला मी नावं ठेवत होतो. पहिल्याच ओळीत होतं. पुढे दोन आडनावं होती, एक बापाचं, एक त्या नवऱ्याचं ज्याच्या घरी तू वर्षभरही राहिली नाहीस. मी दोन्ही सोडली. कार्डाच्या मागे कोरी जागा नव्हती, म्हणून काकाच्याच कागदावर खाली मोठ्या अक्षरात नाव लिहिलं आणि तिच्यापुढे ठेवलं.

तिने खिडकी ठेवली. पहिल्याच अक्षरावर अडली. डोळे मिटून मातीवर बोटाने ते काढलं, पुसलं, पुन्हा काढलं.

“द्... वा... र... का.” तिने वर बघितलं. “इतक्यां कठीण! म्हणान बाईन आमका कधी सांगूक नाय.”

मग कार्ड बाजूला काढलं आणि खिडकीशिवाय वाचलं. द्वारका. ह्या वेळी अडखळली नाही.